टोरांटोतली गमी आणि चिंचोळीचं मेडिकल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळ सोलापूरचे, नोकरी पुण्यात. कंपनीच्या कामासाठी काही आठवडे टोरांटोला होतात. तिथून निघायच्या आधीच्या शनिवार-रविवारी परवानाधारक दुकानातून गांजाच्या गमी (जेलीसारख्या गोड गोळ्या) घेऊन एक-दोन खाल्ल्या आणि मित्राच्या घरी एक जॉइंटही ओढला. एरवी सवय नाही. परत येऊन आठवडा झाला. आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअरची ऑफर आहे, घराजवळ आहे म्हणून घ्यायचीच आहे, आणि मेडिकलच्या यादीत ‘युरिन ड्रग स्क्रीन’ लिहिलंय. तुम्ही विचारता: रिपोर्टमध्ये दिसेल का? तिथे कायदेशीर होतं, बिलही आहे, ते दाखवलं तर चालेल का? इथे गुन्हा होतो का? आणि शेवटी, घरी कळेल का?

मी सोलापुरात औद्योगिक आरोग्याचं काम करतो. भरतीआधीच्या आणि दरवर्षीच्या तपासण्या, फिटनेसचे दाखले, अपघातानंतरच्या चौकश्या हाच माझा धंदा. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जेवढं कामात लागतं तेवढंच सांगेन.

आधी बिलाचं बोलू, कारण तुमची सगळी भिस्त त्यावर दिसते. ते घेऊन एचआरसमोर जाऊ नका. लघवीतला पदार्थ कुठल्या देशात पोटात गेला हे मशीनला कळत नाही आणि कंपनीने ते विचारलेलंही नाही. कंपनीचा प्रश्न एवढाच, की आमच्याकडे रुजू होताना तुमच्या अंगात अमुक पदार्थ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का. त्याचं उत्तर ‘हो’ आलं, की बिल तुमचा बचाव करत नाही, उलट तुमची कबुली होतं. अमेरिकेतही हेच चालतं. कित्येक राज्यांत गांजा खुला झाला, पण केंद्राच्या परिवहन खात्याच्या नियमाखाली येणाऱ्या ट्रकचालकाला किंवा वैमानिकाला राज्याचा कायदा वाचवत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नाही. खुद्द कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तरी तिथल्या परिवहन खात्याने २०१९ मध्ये विमान कर्मचाऱ्यांना ड्यूटीआधी २८ दिवस गांजा घ्यायला मनाई केली. कायदेशीर असणं वेगळं आणि त्या कामासाठी चालणं वेगळं, हे त्यांनी आपल्या आधी ठरवून टाकलंय.

आता दिसेल का. गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी. तो चरबीत विरघळतो. दारू काही तासांत शरीराबाहेर जाते, टीएचसी मात्र चरबीत मुक्काम ठोकतो आणि थोडा थोडा रक्तात उतरत राहतो. यकृत त्याचं रूपांतर एका आम्लात करतं, नशा नसलेल्या. लघवीत आपण शोधतो ते हे आम्ल. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ ‘हा माणूस आत्ता नशेत आहे’ असा होत नाही, ‘याने कधीतरी अलीकडे घेतलं’ एवढाच होतो. पहिल्या चाचणीची रूढ मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. त्या मर्यादेला एकदाच घेणाऱ्याचं सॅम्पल साधारण तीन-चार दिवसांत निगेटिव्ह होतं, आठवड्यातून काही वेळा घेणाऱ्याचं आठवडाभरात, आणि रोज ओढणाऱ्याला महिना, कधी त्याहून जास्तही लागतो. सवय नसताना एका शनिवार-रविवारी घेतलंय आणि आठवडा उलटलाय, हे खरं असेल तर तुमचं सॅम्पल निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच जास्त आहे. हमी मात्र मी देणार नाही. शरीराचा बांधा, किती घेतलं आणि लॅबने मर्यादा कुठे ठेवलीय, यावर दिवस मागेपुढे होतात. काही लॅबा २० नॅनोग्रॅमचं कार्ड, म्हणजे झटपट चाचणीची पट्टी, वापरतात.

गमीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, खाल्लेला चढायला तास-दोन तास घेतो. काहीच होत नाही म्हणून माणूस दुसरी खातो, तिसरी खातो. कॅनडात खाण्याच्या पाकिटात एकूण १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी ठेवता येत नाही, ते याचसाठी. तुम्ही ‘एक-दोन गमी’ लिहिलंय, ते नीट आठवून बघा.

चाचणीचे इतर प्रकार दोन ओळींत. लाळेची चाचणी साधारण दिवस-दोन दिवसांचं दाखवते. केसांची चाचणी मुळापासूनच्या दीड इंच केसात जवळजवळ तीन महिन्यांचा माग काढते. ती आपल्याकडे क्वचितच होते, पण काही परदेशी मालकीच्या कंपन्या मागतात. रक्त सहसा अपघातानंतर घेतात.

सोलापुरात बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात होतं ते कार्ड. प्लास्टिकची पट्टी, लघवीचे काही थेंब, पाच मिनिटांत उत्तर. या कार्डाने केलेले घोळ मी इतके पाहिलेत की त्यावर जरा जास्त बोलतो. पहिला घोळ वाचण्यातला. घरोघरी माहीत असलेल्या गरोदरपणाच्या कार्डावर दुसरी रेष आली म्हणजे पॉझिटिव्ह. नशेच्या कार्डावर बरोबर उलटं: रेष आली म्हणजे निगेटिव्ह, रेष आलीच नाही म्हणजे पॉझिटिव्ह. आणि फिकट रेष हीसुद्धा रेषच असते, म्हणजे निगेटिव्ह. नवशिका टेक्निशियन फिकट रेष बघून ‘संशयास्पद’ असं लिहितो, एचआर ते वाचतं आणि पोराची ऑफर लटकते.

दुसरा घोळ रसायनातला. कार्डातल्या अँटिबॉडीला (पदार्थ ओळखणाऱ्या प्रथिनाला) टीएचसीच्या आम्लासारखा दिसणारा दुसरा रेणू भेटला तर ती फसू शकते. पँटोप्राझोल हे आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण. पित्ताची ही गोळी घेणाऱ्यांची लघवी टीएचसीला खोटी पॉझिटिव्ह आल्याच्या नोंदी आहेत, आणि तशी सूचना त्या औषधाच्या माहितीपत्रकातही असते. शेंगाचटणी, तिखट भाजी आणि उभ्या-उभ्या जेवण करणाऱ्या आपल्या गावात ही गोळी लोक किती सर्रास खातात हे मी सांगायला नको. एचआयव्हीवरचं एफाविरेंझ हे असंच दुसरं औषध. आणि गांजाशी संबंध नसला तरी याच कार्डावर आणखी एक चौकट असते, अफूची. तिथे खसखस आडवी येते. अनारशाला लावलेली खसखस किंवा खसखशीची खीर खाऊन आलेला माणूस अफूच्या चौकटीत पॉझिटिव्ह दिसू शकतो. याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये अफूची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. जुन्या मर्यादेची कार्डं मात्र बाजारात अजून मिळतात. कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर ते खरंच पॉझिटिव्ह येतं, ती चूक कार्डाची नाही.

म्हणून कार्ड हा निकाल धरायचा नाही, ती फक्त चाळणी. कार्ड पॉझिटिव्ह आलं तर तेच सॅम्पल जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवर गेलं पाहिजे. ते मशीन रेणूचं वजन आणि तुकडे तपासतं, त्याला पँटोप्राझोल फसवत नाही. तिथली रूढ मर्यादा १५ नॅनोग्रॅम, कारण तिथे एकच आम्ल मोजतात. सोलापुरात सॅम्पल घेतलं तरी ही चाचणी बहुधा पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या मोठ्या लॅबमध्ये होते, काही दिवस लागतात. तुमचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तर भांडण करू नका. लेखी विनंती करा: याच सॅम्पलची खात्रीची चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून करा, गरज पडल्यास खर्च मी देतो. नवं सॅम्पल घेऊन पुन्हा कार्डच लावणं म्हणजे खात्री नव्हे. आणि सॅम्पल देतानाच बाटलीला तुमच्यासमोर सील लागतं का, त्यावर तुमची सही होते का, हे बघा. नाही झालं तर त्या क्षणी बोला, नंतर बोलून उपयोग नसतो.

फॉर्मवर औषधांचा रकाना असतो, तो पोरं रिकामा सोडतात. गेल्या महिन्यात घेतलेलं प्रत्येक औषध तिथे लिहा, पित्ताची गोळी आणि आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. झोपेसाठी, अंगदुखीसाठी ‘विजया’ असलेली आयुर्वेदिक औषधं आता ऑनलाइन मिळतात. विजया म्हणजे भांग. त्यात टीएचसी असू शकतं आणि ते खात्रीच्या चाचणीतही सापडतं. तशी चिठ्ठी असेल तर सॅम्पलच्या आधी दाखवा, निकालानंतर नाही. सीबीडी, म्हणजे गांजातला नशा न आणणारा घटक, त्याच्या तेलाचंही तसंच. सीबीडी स्वतः चाचणीत येत नाही, पण बाटलीवर ‘शून्य टीएचसी’ लिहिलं म्हणून आत शून्य असतंच असं नाही.

लिंबू-पाणी, व्हिनेगर, तीन लिटर पाणी, ऑनलाइन मिळणारं ‘डिटॉक्स’ असले उपाय तुम्ही विचारले नाहीत, पण तुमचे मित्र नक्की सुचवतील. लॅब लघवीत क्रिएटिनिन, म्हणजे तिच्यात नेहमी असणारा एक टाकाऊ पदार्थ, बघते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की सॅम्पल पातळ केल्याचा संशय येतो. चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंशांत असावं लागतं, दुसऱ्याची लघवी खिशातून आणणाऱ्यांसाठी तो नियम. आणि इथे माझं मत ऐका: पॉझिटिव्ह आलेल्या माणसाशी कंपनी बोलायला तयार होते, फेरफार सापडलेल्याशी होत नाही. पहिल्यात अजून बोलण्याला जागा असते, दुसऱ्यात सरळ फसवणूक लिहिली जाते. तारीख पुढे ढकलायची असेल तर उघडपणे मागा. कारण न सांगता आठवडाभराची मुदत मागणं यात गैर काही नाही.

आता कंपनीच्या बाजूने. मेंटेनन्स म्हणजे हाय टेन्शन पॅनेल, क्रेन, बॉयलरजवळचं काम. तिथे कंपनीने नशेची चाचणी करावी या मताचा मी आहे. पण लघवीची चाचणी त्या कामाला अपुरं हत्यार आहे हेही मी व्यवस्थापनाला सांगत आलोय. रोज ओढणाऱ्याचा दोन आठवड्यांपूर्वीचा गांजा ती पकडते. काल रात्री डबल ड्यूटी करून, सर्दीची झोप आणणारी गोळी खाऊन आज सकाळी पॅनेल उघडणारा माणूस तिच्यातून बिनबोभाट सुटतो. मी ज्या अपघातांच्या चौकशीला बसलो त्यांत गांजापेक्षा दारू आणि अपुरी झोप यांचाच हात जास्त दिसला. आणि ऑफिसात बसून हिशेब लिहिणाऱ्याची लघवी तपासून नेमकं काय साधतं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. कॅलिफोर्नियाने हाच विचार करून १ जानेवारी २०२४ पासून एक बदल केला: सुटीत घेतलेल्या गांजाचा नशा नसलेला अंश लघवीत सापडला, एवढ्यावरून नोकरी नाकारता येत नाही. बांधकाम आणि केंद्राच्या नियमांतल्या नोकऱ्या त्यातून वगळल्या आहेत. आपल्याकडे तसं काही नाही. उलट सगळ्या खासगी नोकऱ्यांना लागू होईल असा नशेच्या चाचणीचा वेगळा कायदाच आपल्याकडे नाही. त्यामुळे ऑफर लेटर, कंपनीचं धोरण आणि तुम्ही सही केलेलं संमतिपत्र, हाच व्यवहारात कायदा. ते वाचल्याशिवाय सही करू नका. कुठले पदार्थ, कुठली मर्यादा, खात्रीची चाचणी आहे का, रिपोर्ट कुणाकडे जाणार, या चार गोष्टी त्यात शोधा. रुजू झाल्यानंतर पॉझिटिव्ह आलात तर गोष्ट वेगळी होते. कायम कामगाराला आरोपपत्र, म्हणणं मांडायची संधी, चौकशी हे टप्पे मिळायला हवेत. ‘राजीनामा लिहून द्या, प्रकरण मिटवू’ असं कुणी म्हटलं तर त्या दिवशी काहीच लिहून देऊ नका.

गुन्ह्याचा प्रश्न तुम्ही सहज विचारलाय, पण उत्तर तितकं सहज नाही. गांजाचं सेवन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेकांना वाटतं की हे भारताच्या हद्दीपुरतं आहे. पण २००१ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू केला गेला. म्हणजे टोरांटोच्या दुकानात बिल फाडून घेतलेली गमी कॅनडाच्या कायद्याने वैध, पण तुमचा पासपोर्ट भारताचा असेल तर आपल्या कायद्याच्या शब्दांत तुम्ही सुटत नाही. व्यवहारात परदेशात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी किंवा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आधी फौजदारी संहितेच्या कलम १८८ ने, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ ने. एका गमीसाठी कुणी ती मागत बसेल असं मला वाटत नाही. नोकरीच्या लघवीच्या रिपोर्टवरून पोलीस दारात आले असंही माझ्या पाहण्यात नाही. तरी ‘तिथे लीगल होतं’ हे वाक्य कंपनीला ईमेलमध्ये लिहून ठेवायची गरज काय? डॉक्टरने तोंडी विचारलं तर खरं सांगा. फॉर्मवर थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नका. न विचारता निबंध लिहू नका. याउपर शंका असेल तर कोर्टातल्या फौजदारी वकिलाला तासभर भेटा.

एक गोष्ट मात्र खरोखर अंगाशी येते: उरलेली गमी बॅगेत राहणं. ती भारतात आणली की प्रश्न सेवनाचा राहत नाही, आयातीचा होतो, आणि कलम २३ लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात असं ठरवलं की मिश्रणातल्या निव्वळ अमली पदार्थाचं नव्हे, पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे साखर, जिलेटिन सगळं वजनात. बॅग अजून पूर्ण उघडली नसेल तर आज उघडून बघा.

जाता जाता तुम्ही दोन ओळींत चुलतभावाचंही विचारलंय. तो जहाजावर आहे आणि बँकॉकला उतरणार आहे. त्याला सांगा की थायलंडने ९ जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला होता, पण २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीपुरता आणला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून दुकानात शिरू नये. आणि मुळात त्याच्या धंद्यात हा विषयच नको. तेलवाहू जहाजांवर पूर्वसूचना न देता चाचणी होते, आणि पॉझिटिव्ह आलेल्याला पुढच्या बंदरात उतरवतात. बाकीच्या देशांतही ‘खुला’ या शब्दावर जाऊ नये. जर्मनीने २०२४ मध्ये मुभा दिली, पण घरी रोप लावायची किंवा क्लबातून घ्यायची सोय तिथे राहणाऱ्यांनाच आहे, फिरायला आलेल्याला नाही. नेदरलँड्समध्ये तर गांजा कायदेशीर नाहीच, कॉफीशॉपमध्ये पाच ग्रॅमपर्यंत खपवून घेतात इतकंच. अमिरातीत रक्तात अंश सापडला तरी तो जवळ बाळगल्यासारखा धरतात, म्हणून दुबईमार्गे येणाऱ्याने अॅमस्टरडॅमची शेवटची रात्र साधी घालवलेली बरी.

राहिलं घरी कळण्याचं. खरं सांगू, सोलापुरात मला या प्रश्नाची काळजी कायद्यापेक्षा जास्त वाटते. इथे कलेक्शन सेंटरचा पोरगा तुमच्या मामेभावाचा वर्गमित्र निघतो. काही सेंटर रिपोर्ट फॉर्मवरच्या पहिल्या नंबरवर व्हॉट्सअॅप करतात, आणि तो नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो, कारण आधार कार्डाला तोच जोडलेला. फॉर्म भरताना फक्त स्वतःचा नंबर आणि ईमेल द्या. काउंटरवर विचारून घ्या, रिपोर्ट कुठे पाठवणार. तो बंद पाकिटात किंवा पासवर्ड लावून कंपनीच्या डॉक्टरकडे जावा, एचआरकडे फक्त ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढंच जावं, असं लेखी मागा. मी माझ्याकडच्या कंपन्यांना असंच पाठवतो. मागितलं तर बहुतेक ठिकाणी करतात, मागत कुणी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरलाय आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आलाय, पण काउंटरवरच्या पोराला कायद्याचं नाव सांगण्यापेक्षा त्याच्यासमोर फॉर्मवरचा नंबर खोडून आपला लिहिणं लवकर लागू पडतं.

कंपनीकडून चाचणीच्या धोरणाची प्रत आणि पदार्थांची यादी उद्याच ईमेलवर मागून घ्या. ती देत नसतील तर सॅम्पलच्या दिवशी संमतिपत्राचा फोटो काढून ठेवा. पित्ताची गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी बरोबर न्या. आणि सॅम्पल सकाळचं द्यायचं असेल तर नेहमीइतकंच पाणी पिऊन जा.